आवळलेला पट्टा

“खोका,” सर्जनबाई म्हणाल्या.

मास्तर खोकले, पण सभेत बोलायला उभं राहण्याआधी माणूस खोकतो तितपतच.

“असं नाही. मनापासून खोका.”

मग ते मनापासून खोकले. सर्जनबाईंची दोन बोटं त्यांच्या उजव्या जांघेवर होती आणि नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर. मास्तरांच्या ते ताबडतोब लक्षात आलं, कारण ते स्वतःही असंच करत. चौतीस वर्षं ते पुरुषांच्या पँटी शिवत होते. गिऱ्हाइकाच्या पायाचं आतलं माप घेताना त्यांची नजर कायम त्याच्या खांद्यावर असायची. त्या भागाकडे बघायचं नसतं, नुसतं समजून घ्यायचं असतं, हे त्यांना उस्तादांनी पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. आज टेप दुसऱ्याच्या हातात होती, एवढाच काय तो फरक. पण तो केवढा मोठा आहे हे पँट गुडघ्यापर्यंत उतरवून परक्या बाईसमोर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

“आता आडवे व्हा.”

आडवं झाल्यावर जांघेतला लिंबाएवढा फुगवटा आपला आपणच ओसरला. उरलासुरला बाईंनी बोटाने आत सरकवला. “गेलं आत. छान,” असं त्या पाढा बरोबर म्हणणाऱ्या मुलाला म्हणावं तसं म्हणाल्या, आणि मास्तरांना ते ऐकून उलट भीतीच वाटली. स्वतःसाठी नव्हे. आपलं आत जातं हे त्यांना नऊ वर्षं माहीत होतं. ज्याचं आत जात नव्हतं, तो या खोलीत नव्हता.

हिरव्या पडद्यापलीकडे मास्तरीणबाई पिशवी मांडीवर धरून बसल्या होत्या. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. आणि मास्तरीणबाई म्हणजे त्यांची बायको. दुकानात काज-बटणाचं काम त्यांच्याकडे असे, आणि बारीक नजर ही त्या कामाचीच देणगी. शिंक येणार असं वाटलं की हे आधी उजवा हात खिशात घालतात, एवढं त्यांनी एके दिवशी हेरलं. नवरा जांघेवर पट्टा बांधतो हे त्यांना ठाऊक होतं, पण पट्ट्याखाली काय वाढतंय ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्यांनी आदळआपट केली नाही. सरळ दवाखान्यात फोन लावून वेळ घेतली आणि कापायच्या टेबलावर खडूने तारीख लिहून ठेवली, म्हणजे प्रत्येक कापड त्या तारखेवरच पसरावं लागे.

मास्तर टाळाटाळ करणार, दुकानात गर्दी आहे म्हणणार, आयत्या वेळी गायब होणार, असं धरून मास्तरीणबाईंनी उत्तरं तयार ठेवली होती. पण आज सकाळी मास्तर त्यांच्याआधी चपला घालून दारात उभे. मास्तरीणबाईंना आनंद झाला, आणि मग थोडी शंका आली. लग्नाला एकतीस वर्षं झाल्यावर नवऱ्याचा शहाणपणा बायकोला पचायला जरा वेळ लागतोच.

शहाणपणा नव्हता तो. धास्ती होती.

असा पट्टा शिवायला मास्तरांना कुणी शिकवलं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी कापडाचा तागा उचलताना जांघेत काहीतरी सरकलं, तेव्हा त्यांनी बाजारातला एक पट्टा आणून पाहिला. तो काचायचा. तेव्हा त्यांनी कोटाच्या छातीत घालतात त्या ताठ कापडाचे तीन थर घेतले, आत दाबलेल्या लोकरीच्या नमद्याची छोटी गादी भरली, पायांमधून मागे जाणारा एक बंद लावला आणि बाजूला बक्कल. घातला की फुगवटा आत आणि माणूस कामावर. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून ते स्वतःवर खूश होते. असे पट्टे त्यांनी आयुष्यात दोनच शिवले. एक स्वतःचा, आणि दुसरा पैलवानाचा.

पैलवान हा मास्तरीणबाईंचा धाकटा भाऊ. कुस्ती त्याने कधी खेळली नव्हती. दहा वर्षांचा असताना शेजारच्या काकूंना खुर्चीसकट उचलून त्याने अंगणात आणून ठेवलं होतं आणि तेव्हापासून खरं नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर उरलं. आई लवकर गेली, म्हणून त्याला ताईनेच वाढवलं. त्याला ताप आला की अजूनही त्या तीन वेळा फोन करत. तो घरसामान हलवणाऱ्या एका कंपनीत होता, पाच जणांच्या टोळीचा मुकादम. कपाटं, पलंग, शिलाई मशिनं, एकदा तर काळा भलाथोरला पियानो त्याने चार मजले उतरवून दिला होता आणि त्याची गोष्ट तो दर वेळी एक मजला वाढवून सांगे.

दोन वर्षांपूर्वी तो पँटचं माप द्यायला आला. मास्तरांनी नेहमीसारखी खांद्यावर नजर ठेवून टेप खाली नेली आणि टेपेला जे लागायला नको ते लागलं. मास्तरांनी आकडा वहीत लिहिला, पेन्सिल कानावर ठेवली. मग पैलवान म्हणाला, “ताईला सांगू नका दाजी.” आणि ऑपरेशन का नको तेही त्यानेच सांगितलं. टोळीतल्या एकाने करून घेतलं होतं. त्याला नंतर कळा येत राहिल्या, वजन उचलवेना, आता तो गोदामाच्या गेटवर बसून गाड्यांचे नंबर लिहितो. “मी गेटवर बसणार नाही,” पैलवान म्हणाला होता. “माणूस बसला की संपला.”

टेपेला जे कळतं ते तोंडाला कळू द्यायचं नाही, हा उस्तादांचा दुसरा धडा. मास्तरांनी तो पाळला. दुपारी मास्तरीणबाई घरी गेल्या की ते दार अर्धं लोटून पट्टा शिवत. मेहुण्याला पहिल्यांदा पट्टा बांधला तेव्हा तो दुकानात दोन फेऱ्या मारून आला आणि म्हणाला, “दाजी, तुम्ही डॉक्टर व्हायला पाहिजे होतात.” मास्तरांना ते आवडलं होतं. खोटं कशाला बोला, फार आवडलं होतं.

परवा संध्याकाळी पैलवान पुन्हा आला. हल्ली आडवं झालं तरी ते आत जात नाही म्हणाला. पट्टा सैल पडलाय, जरा बघा म्हणाला. दुसरा कुणी असता तर त्याने विचार केला असता. मास्तर शिंपी होते, त्यांनी शिंप्याने करायचं ते केलं. पट्टा दोन बोटं आत घेतला, गादी जाड केली, बक्कल नवीन लावलं. पैलवानाने तो ओढून बांधला, लांब श्वास घेतला आणि “आता कसं,” म्हणून गेला.

मास्तर हात धुवायला उठले आणि ओल्या हातांनी तसेच उभे राहिले. कपडा सैल होतो त्याची कारणं दोनच असतात. एक तर कापड ताणलं जातं, नाही तर आतलं माणूस बदलतं. आणि ते ताठ कापड ताणलं जात नाही. त्याचा गुणच तो, म्हणून तर त्यांनी ते निवडलं होतं.

तेव्हापासून त्यांना घास गोड लागत नव्हता. पैलवानाला काल दोनदा फोन केला, तर तो कामात होता, एकदा “बरं आहे, बरं आहे” म्हणून ठेवून दिला. कुणाला विचारावं? बायकोला विचारायची सोय नव्हती. मग टेबलावर खडूने लिहिलेली तारीख त्यांना वेगळीच दिसू लागली. सर्जनला विचारता येईल. आपलं दाखवता दाखवता त्याचं विचारून घ्यायचं. बायको सोबत येणार आहे ही गोष्ट मात्र त्यांच्या रिक्षात बसल्यावरच ध्यानात आली.

सर्जनबाईंनी हात धुतले आणि सगळे टेबलाशी येऊन बसले. बाई चाळिशीच्या, केस घट्ट बांधलेले, बोलणं सरळ. त्यांनी कागदावर एक आडवी रेघ काढली, तिच्यात मध्ये फट ठेवली आणि फटीतून बाहेर आलेला एक अर्धगोल काढला. पोटाची भिंत इथे कमजोर झाली आहे, आतडं या वाटेने बाहेर डोकावतं, असं त्यांनी समजावलं. औषधाने ही फट भरत नाही, व्यायामाने भरत नाही, वाट पाहिली तर मोठी होते. ऑपरेशन करून फटीवर आतून एक जाळी बसवायची, हा उपाय.

जाळी म्हटल्यावर मास्तर घटकाभर स्वतःची धास्ती विसरले. त्यांनी नमुना बघायला मागितला. बाईंनी खणातून एक चौकोनी तुकडा काढून दिला. मास्तरांनी तो उजेडात धरला, ताणून पाहिला, उभा आणि आडवा, कडेने नख फिरवलं.

“आटते का ही?”

सर्जनबाई हसल्या. पेशंट सहसा सडेल का, टोचेल का असं विचारतात म्हणाल्या. हो, थोडी आटते. म्हणून फटीपेक्षा चारी बाजूंनी चांगली मोठी घेतात. मास्तरांनी मान डोलावली. शिवणीत कापड सोडायचं असतं हे या बाईंना कळतं, म्हणजे बाई कामाच्या आहेत. असा निकाल त्यांनी मनात देऊन टाकला आणि तेवढ्यापुरता त्यांचा जीव भांड्यात पडला.

मास्तरीणबाईंना जाळीत रस नव्हता. त्यांनी पिशवीतून चौघडी घातलेला कागद काढला. नंतर काय काय त्रास होऊ शकतो ते सगळं खरं खरं सांगा, म्हणाल्या, आमच्याकडे गोड बोलणारे पुष्कळ आहेत. बाईंनी काहीही लपवलं नाही. सूज येते, काही दिवस चालताना ओढ बसते. पहिल्या दिवशी काहींना लघवी अडते, मग नळी घालावी लागते. जखमेच्या खाली कातडी बधिर होते, बहुतेकांची हळूहळू जागी होते, काहींची होत नाही. थोड्या जणांना कळ मागे राहते, वर्षानुवर्षं. क्वचित जंतू धरतात. क्वचित पुन्हा फट पडते. आणि पुरुषांना जी भीती असते पण जी कुणी विचारत नाही, तिचंही त्यांनी न विचारता उत्तर दिलं. मास्तर तेवढा वेळ पेपरवेटकडे बघत होते.

“वजन?” त्यांनी विचारलं. “नंतर वजन उचलता येतं?”

“काही आठवडे नाही. मग हळूहळू, हो.”

“कपाट?”

“तुम्ही शिवणकाम करता ना?” सर्जनबाईंनी कागदावर बघत विचारलं.

“हे काल सुईचा डबा उचलून दमले होते,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “कपाट कसलं उचलताय?”

मास्तरांनी खिडकीकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं. मग बायकोला म्हणाले की मला तहान लागली आहे, बाहेरून जरा पाणी आणतेस का. मास्तरीणबाईंनी पिशवीतून बाटली काढून दिली. ते दोन घोट प्यायले. थोड्या वेळाने म्हणाले की आपला नंबर लिहिलेला कागद बाहेर त्या मुलीकडे राहिला वाटतं. मास्तरीणबाईंनी तोही काढून टेबलावर ठेवला. बायको नीटनेटकी असली की माणसाला पळायला वाट राहत नाही.

सर्जनबाईंनी तोवर खुर्चीवर ठेवलेला मास्तरांचा पट्टा उचलला होता. उलटा करून पाहिला, गादी दाबून पाहिली, बक्कल लावून सोडलं.

“हा कुणी शिवला?”

“मीच.”

“सुबक आहे,” त्या म्हणाल्या. “आणि घातक आहे. तुमचं अजून सहज आत जातं म्हणून निभावलं.”

मास्तरांनी दोन्ही तळवे मांडीवर पुसले. आता विचारलं नाही तर पुन्हा कधी विचारणार? टेपेला कळलेलं तोंडाला कळू द्यायचं नाही हे ठीक, पण उस्तादांनी पट्टे शिवले नव्हते.

“समजा,” ते म्हणाले, “एखाद्याचं आत जाईनासं झालं. आणि त्याच्यावरून पट्टा बांधला. जरा आवळून. तर?”

मास्तरीणबाई वळल्या. “तुमचं जात नाही का? मघाशी तर मॅडम म्हणाल्या गेलं म्हणून.”

“यांचं जातं,” सर्जनबाई सावकाश म्हणाल्या. त्यांनी पट्टा टेबलावर ठेवला आणि पेनाचं टोपण लावलं. मग त्यांनी मास्तरांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. बाहेर आलेलं आतडं फटीत अडकतं. वरून आवळलं तर त्याला फास बसावा तसं होतं. रक्त पोचत नाही. काही तासांत, फार तर दिवसाभरात, तो भाग काळा पडतो. मग जाळीची गोष्ट राहत नाही, आतडंच कापावं लागतं, आणि तेही माणूस वेळेत आला तर.

“कळतं कसं?” मास्तरांनी विचारलं.

“ठणका लागतो. गाठ कडक होते. मग उलट्या सुरू होतात. आणि कधीकधी दुखायचं एकदम थांबतं. माणसाला वाटतं, बरं झालं. तेव्हा सगळ्यात कमी वेळ उरलेला असतो.” त्यांनी पुढ्यातला कागद बाजूला सारला. “आता ‘समजा’ नको. कोण आहे?”

“गिऱ्हाईक आहे एक.”

“पट्टा तुम्ही शिवलाय?”

“हो.”

“आवळला कधी?”

“परवा.”

“फोन करा त्यांना,” सर्जनबाई म्हणाल्या. “इथूनच. आत्ता.”

मास्तरांनी फोन काढला. त्यांच्या अंगठ्याने दोनदा भलताच नंबर लागला आणि तोडावा लागला. सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवणारा हात तो. मास्तरीणबाईंना दया आली. कोण गिऱ्हाईक ते सांगा, मी लावते, म्हणून त्यांनी फोन त्यांच्या हातातून घेतला. फोनच्या पडद्यावर नाव आधीच आलेलं होतं. त्यांनी ते वाचलं.

“आमचा?” त्या म्हणाल्या.

मास्तरांनी मान हलवली. त्यांना बायकोकडे बघवेना. एकतीस वर्षांत त्यांनी तिच्यापासून काही लपवलं नव्हतं असं नाही, पण तिचं काही लपवलं नव्हतं. मास्तरीणबाईंनी हिरवं बटण दाबलं आणि फोन टेबलावर, पट्ट्याच्या शेजारी ठेवला. दुकानातल्या मशिनच्या खडखडाटात ऐकू यावं म्हणून मास्तरांच्या फोनचा आवाज कायम मोठा असे. रिंग वाजत राहिली. ती बंद पडेल असं वाटत असताना पैलवानाचा आवाज आला, आणि मागे आणखी दोघातिघांचे.

“बोला दाजी, लवकर बोला. जिन्याच्या वळणावर आहे. कपाटाचं खालचं टोक मांडीवर टेकवून उभाय.”

मास्तरांनी विचारलं, कसं आहे.

“एक नंबर. काल दिवसभर ठणकत होतं बघा. म्हटलं नुकता आवळलाय, अंगाला बसेपर्यंत व्हायचंच. आज सकाळपासून दुखायचं नाव नाही. हलकं वाटतंय एकदम.”

सर्जनबाई पुढे झुकल्या. “उलटी विचारा,” त्या हळू म्हणाल्या.

“उलटी वगैरे झाली का रे?”

“तुम्हाला कुणी सांगितलं?” पैलवान हसला. “झाली, दोनदा. नाही, तीनदा. शिळं काहीतरी बाधलंय. आता पोटात काही उरलंच नाही, तर होईल कशाची? ठेवू का? पोरं वर टोक धरून ताटकळलीत.”

सर्जनबाईंनी टेबलावरचा दुसरा फोन उचलला होता आणि कुणाला तरी थोडक्यात सांगायला सुरुवात केली होती. ऑपरेशनची खोली मोकळी आहे का, भूल देणारे डॉक्टर इमारतीत आहेत का, असे शब्द मास्तरांच्या कानावर पडत होते. मधेच फोनवर हात ठेवून त्या यांना म्हणाल्या, “पट्टा सोडायला सांगा. पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. स्वतः चालवत नाही, कुणीतरी गाडीने आणायचं. लगेच.”

मास्तरीणबाई फोनकडे वाकल्या.

“कपाट खाली ठेव,” त्या म्हणाल्या.

“ताई? तू कशी काय तिथे?”

“कपाट ठेव आणि अंगावरचा पट्टा सोड. दवाखान्यात ये. मी इथेच आहे.”

“दाजी, तुम्ही सांगितलंत हिला?” पैलवानाच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, आणि मास्तरांना तेच जास्त लागलं. मग तो बहिणीची समजूत काढू लागला. लहानपणी ताप लपवताना काढायचा तशीच. काही नाही गं ताई, डॉक्टर लोक घाबरवतातच, त्यांचा धंदा आहे तो. दोन वर्षं बांधतोय, कुणाला पत्ता लागला का? संध्याकाळी येतो आणि तुझ्यासमोर उड्या मारून दाखवतो.

“परवाच नीट करून घेतलाय,” तो म्हणाला. “बाहेरच्या कुणाचं काम असतं तर सोडला असता. दाजींचं आहे ते. त्यांच्या हाताला आजवर कुणी नाव ठेवलंय?”

सर्जनबाईंनी, मी बोलते, म्हणून हात पुढे केला. मास्तरांनी तो हलकेच बाजूला सारला आणि फोन उचलून तोंडाजवळ धरला. डॉक्टरीणबाईंचं तो ऐकणार नाही. बहिणीचंही ऐकणार नाही. तो ऐकेल अशी एकच गोष्ट होती आणि ती सांगणारा माणूसही एकच होता.

“पैलवान,” ते म्हणाले. “माझं चुकलं.”

“काय चुकलं?”

“पट्टा.”

“चुकला म्हणजे? किती?”

त्याला बोटांत उत्तर हवं होतं. एक बोट, दीड बोट, म्हणजे तो येता येता दुकानात टाकून गेला असता. मास्तरांना बायको दिसत होती. ती उभी राहिली होती, पिशवी खांद्याला लावून, आणि दरवाज्याची कडी तिच्या हातात होती.

“सगळाच,” मास्तर म्हणाले. “शिवायलाच नको होता रे. आवळायला तर मुळीच नको होता. मला कळत नव्हतं आणि मी हात घातला. ऐकतोयस ना? मी चुकीचं करून दिलंय तुला.”

पैलवानाचा श्वास ऐकू येत होता, जड, मध्ये मध्ये अडखळणारा. दोन वर्षं वजन उचलताना तो असाच श्वास घेत असणार, आणि ते कुणी ऐकलं नसणार. वरून कुणीतरी, काय झालं, घ्यायचं का खाली, असं ओरडत होतं. मास्तरांनी फोन कानाला इतका घट्ट दाबला होता की कान दुखायला लागला.

मग पुन्हा पैलवानाचा आवाज आला. तो यांच्याशी बोलत नव्हता. त्याने फोन तोंडापासून दूर धरला असावा.

“अरे, खाली या एक जण,” तो म्हणत होता. “माझं टोक धरा.”